साठीनंतरची लांबची सायकल राइड: ग्रुपमध्ये या चुका टाळा

मुंबई-नाशिक महामार्गावर पडघा मागे टाकून वासिंदच्या दिशेने चाललो होतो. पुढे सहा सायकली, मागे दोन. सगळी मुलं माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान. मला अर्ध्या तासापासून गरगरत होतं आणि आठांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं, कारण मी बोललोच नव्हतो. पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्यावरून निघताना नुसता चहा घेतला होता. बीपीची गोळी मात्र न चुकता, रिकाम्या पोटी. नाश्ता शहापूरला ठरलेला. आता थोडंच राहिलंय, असं मनाला समजावत पॅडल मारत राहिलो. शेवटी मागच्या मुलाच्या लक्षात आलं. "काका, सायकल डुलतेय तुमची. आधी उतरा," म्हणत त्याने हाक मारून सगळ्यांना थांबवलं. टपरीच्या बाकावर बसवलं, पाण्यात मीठ-साखर ढवळून दिली. अर्ध्या तासाने जरा माणसात आलो. तोवर पुढे ट्रक धडधडत जात होते, आणि तसाच चालवत राहिलो असतो तर त्यातल्या कुठल्या चाकाखाली गेलो असतो, हा विचार काही केल्या जाईना.

तेव्हा मी ६१ वर्षांचा होतो. आता ६४. या तीन वर्षांत ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे आणखी चौघे आले आणि जवळपास प्रत्येकाने त्याच त्या चुका केल्या. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अंगावर काढू नका

आपल्या पिढीला अंगावर काढायची सवय आहे. ताप अंगावर काढला, दाढ अंगावर काढली, आणि आता सायकलवरही तेच. वर ग्रुपमध्ये मनात असतं की आपल्यामुळे पोरांचा खोळंबा नको. पण पाच मिनिटांचं थांबणं तुम्ही टाळलंत तर पुढे तासभर थांबावं लागतं, आणि तेही दवाखान्याच्या दारात.

निघण्याआधी पुढे चालणाऱ्याला आणि सगळ्यात मागे राहणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कुठल्या गोळ्या चालू आहेत, साखर किंवा बीपी आहे का, घरी कोणाला फोन करायचा. हेच एका कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या खिशात ठेवा. मोबाइल लॉक असला तर बेशुद्ध माणसाच्या फोनचा कोणाला उपयोग नाही.

चालवताना स्वतःला जोखायची साधी रीत म्हणजे बोलून पाहणं. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं तर वेग ठीक. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग तुमचा नाही, ग्रुपचा आहे. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर सगळा भरवसा ठेवू नका. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके वाढूच देत नाहीत. आकडा शांत दिसतो आणि शरीर मात्र दमलेलं असतं.

आणि छातीत आवळल्यासारखं वाटणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, एरवीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झालं तर "पित्त असेल" म्हणू नका. उतरा, बसा, १०८ ला फोन लावायला सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही मदतीचा नंबर आहे.

पुढच्या चाकाला चिकटू नका

ग्रुपमध्ये पुढच्याच्या आडोशाला चालवलं की वारा कमी लागतो आणि त्याच वेगाला बरीच कमी ताकद लागते. फायदा खरा आहे, आणि थकलेल्या माणसाला त्याचा मोह होतोच. पण हिशेब करून बघा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. पुढच्याने ब्रेक दाबला हे डोळ्यांनी पाहून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत पाऊण सेकंद सहज जातो, वयाबरोबर थोडा जास्तच. तेवढ्या वेळात सायकल पाच मीटर पुढे गेलेली असते. मुलं हातभर अंतरावर चालवतात, कारण ती दर आठवड्याला एकमेकांबरोबर चालवतात आणि पुढच्याच्या खांद्यावरून ओळखतात की तो थांबणार आहे. आपण सायकलभर, पहिले काही महिने दोन सायकलींइतकं अंतर ठेवलं तरी आडोसा मिळतो. तेवढ्यानेही ब्रेकला पुरेसा वेळ मिळत नाहीच, म्हणून किंचित बाजूला राहून पुढच्याच्या खांद्यावरून रस्ता दिसेल असं चालवा. नजर त्याच्या मागच्या चाकावर खिळवू नका.

मात्र बाजूला राहताना आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीच नेऊ नका. त्याने खड्डा चुकवायला जरा अंग वळवलं आणि चाकाला चाक घासलं, तर तो बहुतेक वेळा सावरतो. पडतो तो मागचा. माझ्या डोळ्यांसमोर एका पुलावर असं झालं. पहाटेचा अंधार, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी उखडलेली, पुढच्याने ती चुकवली आणि आमच्यातल्या एका ६७ वर्षांच्या गृहस्थांचं चाक घासलं. खुबा वाचला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं, आणि सायकलवर परत बसायचं धैर्य यायला त्याहून जास्त दिवस लागले.

मुंबईच्या आसपासच्या रस्त्यांचे काही धोके पाठच करून ठेवावेत. काँक्रीटच्या रस्त्यात दोन पट्ट्यांमधली लांबच लांब भेग असते. अरुंद टायर तिच्यात अडकला की हँडल ऐकत नाही. ती ओलांडायचीच असेल तर तिरकं सरकत न जाता जरा मोठा कोन करून ओलांडा. रेल्वेच्या रुळांनाही हेच लागू. गटाराच्या जाळ्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पहिल्या पावसात वर आलेलं तेल यांच्याशी तर रोजची गाठ आहे. दिसलं की ओरडून सांगा. "खड्डा!" एवढं पुरे. पुढच्याने दिलेला आवाज मागच्याला द्यायचा, तो शेवटच्यापर्यंत पोचला पाहिजे.

यात चष्म्याचा भाग फार कोणी बोलत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून हँडलवर वाकलं की रस्ता नेमका काचेच्या वरच्या कडेतून किंवा फ्रेमच्याही वरून पाहावा लागतो, आणि खाली नजर टाकली की जवळच्या नंबरातून खड्ड्याचं अंतर चुकतं. फक्त लांबच्या नंबराचा, जरा मोठ्या काचेचा वेगळा चष्मा करून घ्या. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदूची तपासणी आधी, राइड नंतर. आणि मान पूर्वीसारखी वळत नसेल तर हँडलला आरसा लावा. मागे पाहताना सायकल उजवीकडे सरकते, हे आपल्याला कळतही नाही.

तहान लागायची वाट पाहू नका

वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवं असतं, घसा मात्र मागत नाही. त्यात मुंबईची दमट हवा. घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, तहान असो वा नसो. तासाला साधारण अर्धा लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि डोकं दुखणं, मळमळ, भ्रमिष्टपणा सुरू होतो. लोक समजतात पाणी कमी पडलं आणि आणखी पाजतात. दोनपैकी एका बाटलीत ओआरएस ठेवा, पण पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच. एक लिटरचं पाकीट पाऊण लिटरच्या बाटलीत ओतणारे मी रोज बघतो. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपी असलेल्यांनी, आणि लघवी वाढवणारी गोळी असलेल्यांनी तर नक्कीच, राइडच्या दिवशी गोळी कधी घ्यायची आणि मीठ किती चालेल हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. गोळी मनाने टाळू नका.

खाणं निघण्याआधीच सुरू होतं. एक केळं, दोन खजूर, शिळ्या पोळीचा गुळाचा लाडू, काहीही चालेल, पण पोट रिकामं नको. वाटेत दर पाऊण तासाला थोडं थोडं: राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. शहापूरची मिसळ परतीला खा. तर्री पोटात घेऊन ऊन चढताना चालवणं साठीत झेपत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर राइड संपल्यावर काही तासांनीही उतरू शकते, अगदी झोपेतसुद्धा. घरच्यांना हे सांगून ठेवा.

गुडघ्याशी जबरदस्ती

जड गिअरवर दात-ओठ खात चढणं हे ताकदीचं लक्षण मानायचा काळ होता. त्याची किंमत गुडघा देतो. हलका गिअर ठेवा, पाय भरभर फिरू द्या, मिनिटाला ७५-८० फेरे तरी. सीटची उंची तपासायची सोपी पद्धत: भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हावा. चालवताना चवडा पॅडलवर येतो तेव्हा गुडघ्यात थोडा बाक आपोआप उरतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करा.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहातावरचा भार कमी करा. हँडल थोडं वर घ्या, पकड बदलत राहा. खाली, सीटच्या जागी बधिरपणा येत असेल तर तोही लाजेने झाकू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पॅडलवर उभे राहा, सीटचं नाक किंचित खाली करून पाहा. पुरुषांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: पीएसएची (प्रोस्टेटसाठीची) रक्ततपासणी असेल तर आधीचे दोन दिवस सायकल नको, आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो.

घाट

चढताना कोणी मागे पडलं तर काही बिघडत नाही. चूक होते ती उतरताना. खोपोलीच्या घाटात, शिंगरोबाच्या देवळापासून खाली येताना काही जण ब्रेक दाबूनच ठेवतात. रिम तापते, रबर झिजतं, बोटं आखडतात आणि नेमक्या वळणावर पकड सुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, मग सोडा, पुन्हा दाबा. बोटांत संधिवात असेल तर मेकॅनिककडून ब्रेकची दांडी हँडलजवळ आणून घ्या. बऱ्याच ब्रेकना त्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. उतारावर ग्रुपने एकत्र राहायची गरज नाही, खाली भेटा.

परतीची सोय

सगळे जाण्याचा विचार करतात. मी नवीन माणसाला नाशिकच्या रस्त्यानेच पहिली लांबची राइड करायला सांगतो, कारण हा महामार्ग कसाऱ्याच्या रेल्वेलाइनला धरून जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कुठेही जमेना असं वाटलं तर स्टेशन गाठता येतं. गर्दीची वेळ टाळा, सामानाचं तिकीट काढा आणि सामानाच्या डब्यातून सायकल घेऊन घरी या. खोपोलीलाही स्टेशन आहे. अहमदाबादच्या रस्त्यावर मनोरला दमलात तर पालघर स्टेशन चांगलंच आत आहे, तिथे आधीच टेम्पोवाल्याचा नंबर हवा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, सी लिंक आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. मॅप दाखवतो म्हणून तिकडे वळू नका.

वेळेचा हिशेब न मांडणं

शंभर किलोमीटर जमले की पोरं म्हणतात, "काका, आता २०० ची बीआरएम करा." बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. जरूर करा, पण ती शर्यत नाही हे आधी समजून घ्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे २०० ला थांबे धरून ताशी १५ चा वेगही पुरतो. चालताना ताशी २० ठेवलेत तर दहा तास पॅडलवर आणि साडेतीन तास खाण्या-बसण्यासाठी उरतात. आपल्या वयाला हा हिशेब अनुकूल आहे. बिघडतो तो पहिल्या ५० किलोमीटरांत पोरांच्या मागे २७-२८ ने धावल्यामुळे. सुरुवातीलाच सांगा: "मी माझ्या वेगाने येतो, थांब्यावर भेटू." आणि एक जोडीदार धरा, शक्यतो वयाचा. रात्री एकटं राहू नका. पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टरचं जॅकेट आणि हेल्मेट यांत तडजोड नाही.

राइडनंतरचा दिवस रिकामा ठेवा. या वयात स्नायू भरून यायला वेळ लागतो, म्हणून त्या रात्री वरण, दही, अंडं, पनीर, जे चालत असेल ते नीट खा. आणि आठवड्यात दोनदा तरी चाला, जिने चढा, वजनं उचला. सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे नुसत्या सायकलने हाडं बळकट राहत नाहीत.

झोपण्याआधी मी एक काम करतो. टायरमधली हवा थोडी सोडतो आणि दिव्याखाली चाक हळूहळू फिरवत रबरावर जाड कापड घासतो. महामार्गावर ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे आपल्या टायरमध्ये रुततात आणि दोन-तीन दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतात. कापड कुठे अडकलं की थांबायचं, चिमट्याने तार काढायची. गेल्या रविवारी अशा तीन निघाल्या.