कोणतं ॲप घेऊ, हा प्रश्न नंतरचा

विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम संपवून पहिल्यांदा वर्गावर जाणारी मंडळी मला हमखास विचारतात, "ॲप कोणतं चांगलं?" बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. मी आधी एवढंच विचारते, मूल नेमकं कुठे अडतंय ते पाहिलंत का?

हात धुण्याचंच घ्या. आपल्याला ते एक काम वाटतं. नळ सोडणं, हात भिजवणं, साबण घेणं, चोळणं, धुऊन काढणं, नळ बंद करणं, पुसणं अशा त्याच्या सात पायऱ्या होतात. कामाची अशी फोड म्हणजे टास्क ॲनालिसिस. वर्गातल्या एका मुलीसाठी मी याचा व्हिडिओ केला. ती तो आवडीने बघायची आणि बेसिनपाशी जाऊन नुसती उभी राहायची. दोन आठवडे असेच गेले. मग कळलं, की चित्रण मी समोरून केलं होतं. पडद्यावर माझा चेहरा मोठा दिसत होता आणि नळ कोपऱ्यात गेला होता. पुन्हा चित्रण केलं ते खांद्यावरून. या वेळी फक्त दोन हात आणि नळ, तिच्या डोळ्यांना दिसतात तसे. प्रत्येक पायरीची पाच-सहा सेकंदांची वेगळी क्लिप केली. काही दिवसांनी साबणाची क्लिप संपली आणि पडद्याकडे न बघताच ती हात चोळायला लागली. त्या दिवसापासून चोळण्याची ती एक क्लिप काढून टाकली. आधार वेळेवर काढणं हे आधार देण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तो राहून गेला, तर मूल नळाऐवजी टॅबलेटची वाट बघत बसतं.

न बोलणाऱ्या किंवा मोजकेच शब्द असणाऱ्या मुलांसाठी चित्रांवर बोट ठेवलं की शब्द उच्चारणारे संवाद-फलक असतात. चित्रं देऊन-घेऊन संवाद शिकवण्याची 'पेक्स' ही पद्धत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये तयार केली, म्हणजे पडद्याचे टॅबलेट घरोघर येण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे महागडं उपकरण नाही म्हणून संवाद थांबवू नका. छापील चित्रफलक तर कायम जवळ ठेवाच, कारण बॅटरी संपली म्हणून मुलाचं बोलणं बंद पडता कामा नये.

फलकावरच्या चित्रांच्या जागा उगाच बदलू नका. मी एकदा नीटनेटकं दिसावं म्हणून 'अजून' हे चित्र वरच्या ओळीत नेलं. एका मुलाचं बोट जुन्याच जागी जात राहिलं, तिथून भलताच शब्द ऐकू यायचा आणि तो रडकुंडीला आला. त्याच्या बोटाला ती जागा पाठ झाली होती. चित्र त्याच दिवशी परत खाली आणलं.

आणि थांबायला शिका. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. नवख्यांना हे फार जड जातं, तिसऱ्या सेकंदाला आपलाच हात पडद्याकडे जातो. तुम्हीही बोलताना फलकावर बोट ठेवत जा, मूल ते बघून शिकतं. शिक्षा म्हणून संवादाचा टॅबलेट काढून घेणं मला अजिबात मान्य नाही. तो त्या मुलाचा आवाज आहे. खेळांसाठी शक्य तर दुसरं उपकरण ठेवा. एकच असेल, तर आयपॅडवरचं गाइडेड ॲक्सेस किंवा अँड्रॉइडवरचं स्क्रीन पिनिंग वापरा, म्हणजे संवादाच्या वेळी तेच ॲप समोर राहतं.

ॲपमधले गुण बघून हुरळून जाऊ नका. बौद्धिक अक्षमतेचं निदान करताना बुद्ध्यांकाबरोबर रोजची कामं, संवाद आणि चारचौघांतलं वावरणंही पाहतात, मग प्रगतीही तिथेच मोजायला हवी. पडद्यावर नाणी बिनचूक ओळखणारं मूल खरी नाणी हातात आल्यावर गोंधळतं, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून पडद्यावरच्या सरावानंतर लगेच खरी वस्तू द्या, तीही वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांबरोबर.

घरच्यांना त्याच क्लिप आणि त्याच फलकाची प्रत द्या. त्या मुलीच्या आईने घरच्या नळाची क्लिप स्वतः काढली, खांद्यावरूनच. घरचा नळ फिरवायचा नव्हता, वर उचलायचा होता. माझ्या क्लिपवर ती घरी का अडत होती, ते मला तेव्हा समजलं.