फॉर्ममधला तो एक रकाना

मिशनचा कॉल, म्हणजे धर्मप्रचाराला जायचं चर्चचं बोलावणं, हातात पडलाय किंवा त्यासाठीचा फॉर्म उघडून बसलात, म्हणूनच हे वाचत असाल असं धरतो. त्यामुळे एल्डर कोणाला म्हणतात, दोन वर्षं कसली, पांढरा शर्ट आणि छातीवर काळी पाटी कशाला, यात वेळ घालवत नाही. बाहेरचे लोक आपल्याला अजून मॉर्मनच म्हणतात. 2018 मध्ये आपल्या चर्चने (चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स) ते टोपणनाव टाळायला सांगितलं, पण नगरच्या माझ्या आजीपर्यंत ते पोचलेलं नाही. तिच्या घरात रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत चार पिढ्या गेल्या. नातू आपल्या चर्चच्या संस्थापकाच्या, जोसेफ स्मिथच्या मागे गेला हे तिला अजूनही पचलेलं नाही, तरी निघताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तिनेच भरून दिला.

मी मिशनसाठी दोनदा निघालो. पहिल्यांदा 2016 च्या ऑगस्टमध्ये, पुण्याहून मनिलाच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रात. पंधराव्या दिवशी परत आलो. दुसऱ्यांदा 2017 च्या जानेवारीत गेलो आणि दोन वर्षं पूर्ण करून आलो. लोकांना दुसरी गोष्ट ऐकायला आवडते. मी पहिली सांगणार आहे.

आधी तयारीचं पटकन. वरण-भात, एक भाजी आणि अंडी एवढं करता आलंच पाहिजे. शर्टाची कॉलर इस्त्री करायला शिका. बूट महागडे नकोत, पण दुकानात घालून दहा मिनिटं चालून बघा. पैशांचं घरी मोकळेपणाने बोला, कारण इथे पगार नाही, उलट आपणच भरायचे असतात. अमेरिकेतल्या घरांना तेव्हा महिन्याला 400 डॉलर लागायचे, 2020 च्या जुलैपासून 500 झाले. आपल्याकडचा हिशोब वेगळा असतो, तो ब्रँच प्रेसिडेंटकडून, म्हणजे आपल्या शाखेच्या प्रमुखाकडून नीट समजून घ्या. लाजू नका, बऱ्याच मुलांना मदत लागते.

आणि 'प्रीच माय गॉस्पेल' हे मिशनरींचं मार्गदर्शक पुस्तक पाठ करू नका. आपण दहावी-बारावीला गाईड घोकलेली पोरं, पुस्तक दिसलं की घोकायला बसतो. 2004 मध्ये ते आलं तेच मुळी ठरावीक धडे म्हणून दाखवायची पद्धत मोडायला. मनिलाला सरावाच्या वेळी एक शिक्षक घरमालक बनून समोर बसायचा. मी घडाघडा सुरू झालो. त्याने मध्येच विचारलं, "माझी आई गेल्या महिन्यात वारली, ती कुठे असेल?" मी एक क्षण थांबलो आणि उरलेला परिच्छेद पूर्ण केला. त्याने नुसतं डोकं हलवलं. असो, ही चूक चार दिवसांत सुधारते. पुढची सुधारत नाही.

फॉर्ममध्ये तब्येतीचा भाग असतो. डॉक्टरचा वेगळा, दाताच्या डॉक्टरचा वेगळा, आणि त्यात मानसिक आजार, चालू औषधं यांबद्दल सरळ प्रश्न असतात. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापासून मी चिंतेवरची गोळी घेत होतो. रोज रात्री एक, दहा मिलिग्रॅम. त्याआधी परीक्षेच्या हॉलमध्ये छाती धडधडून दोनदा उठून आलो होतो. गोळीने सगळं आटोक्यात होतं, इतकं की मी स्वतःला आजारी समजतच नव्हतो.

मिशन करून आलेल्या एकाला मी हे विश्वासाने सांगितलं. तो म्हणाला, "ते लिहू नकोस रे. सहा महिने कागद अडकवून ठेवतील. एकदा गेलास की देव सांभाळतो." मी 'नाही' वर खूण केली. गल्लीतल्या डॉक्टरांनी न तपासता शिक्का मारला, त्यांना मी लहानपणापासून माहीत होतो. मानसोपचाराचं मात्र त्यांना माहीत नव्हतं, ते डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. मिशन प्रेसिडेंटनी मुलाखतीत विचारलं, तब्येत? मी म्हणालो, उत्तम.

परत आलेल्यांबद्दल माझं मत इथेच सांगून टाकतो. त्यांच्याकडून बूट कुठले घ्यायचे ते विचारा, फिलिपिनो जेवणाबद्दल विचारा. फॉर्म कसा भरायचा ते विचारू नका. त्यांना फक्त स्वतःचं मिशन माहीत असतं, आणि तेही दर वर्षी थोडं अजून चमत्कारिक होत जातं.

बॅगेत मी गोळ्यांची एकच पट्टी घेतली. दहा गोळ्या. एक दिवसाआड घेऊन हळूहळू बंद करू असा माझा बेत. देवाच्या कामाला निघालोय, तिकडे गोळी कशाला लागेल, असंही मनात होतं. प्रत्यक्षात पहिल्या रात्रीपासूनच झोप येईना, म्हणून मी त्या रोज घेतल्या, एका रात्री दोन. नवव्या दिवशी पट्टी संपली. ही गोळी अशी अचानक तोडायची नसते, ती कमी करायची तर डॉक्टरच्या सांगण्यावरून आणि सावकाश. तोडली की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, झोप उडते. मला हे तिन्ही झालं. मला वाटलं सैतान आहे. हसू नका, तिथे चोवीस तास तेच वाचत असताना दुसरं काही सुचत नाही.

आता नीट ऐका, कारण जायच्या आधी हे मला कोणी समजावलं नव्हतं. घरी आजार लपवता येतो, कारण घरी दार लावून घेता येतं. मिशनमध्ये दार नसतं. नेमून दिलेला मिशनरी जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात, जेवताना, चालताना, प्रार्थनेला. एकटे फक्त संडास-बाथरूमला, आणि तिथेही पाच मिनिटं जास्त झाली की बाहेरून हाक येते. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद, मधला प्रत्येक तास आखलेला. बरं असलेल्या माणसाला ही शिस्त आधार देते. लपवणाऱ्याला ती चहूबाजूंनी आवळते.

माझा जोडीदार मंगोलियाचा होता. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं. गोळ्या संपल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री मी अंधारात भिंतीला टेकून बसलेला त्याला दिसलो. त्याने काही विचारलं नाही, घरून आणलेला वाळवलेल्या दह्याचा एक दगडासारखा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि शेजारी बसून राहिला. पुढच्या रात्री तेच. त्यानंतरच्या सकाळी तो मला हाताला धरून ऑफिसात घेऊन गेला. मी चिडलो होतो. आज त्याच्याइतका मोठा उपकार कोणी केला नाही असं वाटतं.

ऑफिसात कोणी ओरडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. डॉक्टर झाले, फोन झाले आणि ठरलं की घरी जाऊन आधी तब्येत स्थिर करायची. खिडकीतून शेजारचं आपल्या चर्चचं मनिलाचं मंदिर दिसत होतं. भारतात तेव्हा आपल्या चर्चचं एकही मंदिर नव्हतं, बंगळूरची घोषणा व्हायला 2018 चा एप्रिल उजाडायचा होता. मी त्या मंदिराकडे न बघता बॅग भरली.

पुण्यात आई सगळ्यांना सांगत होती, व्हिसाचा घोळ झाला. म्हणजे मी कागदावर खोटं लिहिलं, आणि ते निस्तरायला आईला गल्लीभर खोटं बोलावं लागलं. रविवारी मी मागच्या खुर्चीवर बसायचो. एका काकूंनी विचारलं, "काय रे, पाप वगैरे?" लवकर परतलेल्याबद्दल पहिली शंका तीच येते, तयारी ठेवा. आजीने मात्र काही विचारलं नाही. रात्री मी गोळी घेताना तिने पाहिलं आणि स्वतःची बी.पी.ची डबी पुढे सरकवली, "माझी पण दे काढून."

मग मी फॉर्म पुन्हा भरला, खरा. मानसोपचारतज्ज्ञांनी तीन महिने तब्येत स्थिर असल्याचं पत्र दिलं, औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून. यात आकाश कोसळलं नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयात चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी एक जण आपल्याला कुठे पाठवायचं ते ठरवतो, तेव्हा ही सगळी माहिती त्याच्यासमोर असते. रकाना आहे तो याच्यासाठी: औषध मिळेल, डॉक्टर गाठता येईल अशा ठिकाणी पाठवता यावं म्हणून. आपण खोटं लिहिलं की ते ज्या मुलाला पाठवतात तो आपण नसतोच. काहींना घरी राहून करायचं सेवा-मिशन मिळतं, तेही मिशनच. काहींना थांबायला सांगतात. मुलांना 25 पर्यंत जाता येतं, अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी विमानात बसलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

दुसऱ्यांदा मी थेट बंगळूर मिशनमध्ये गेलो आणि पहिली नेमणूक राजमुंद्रीला मिळाली. उकाडा असा की इस्त्री केलेला शर्ट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत टिकायचा नाही. तेलुगू ऐकून ऐकून शिकलो. आपल्याला चहा चालत नाही, म्हणून पहिलं पूर्ण वाक्य शिकलो ते चहा नाकारायचं, 'मंचि नीळ्ळु चालु', नुसतं पाणी पुरे. आपल्या माणसाला चहा नाकारणं किती जड जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गृहिणीचा चेहरा पडतो, म्हणून पाणी मागून प्यायचं, दोन पेले, आनंदाने.

घरच्यांशी फोन फक्त नाताळ आणि मदर्स डेला, बाकी आठवड्यातून एक ईमेल. मी जानेवारी 2019 मध्ये परतलो आणि फेब्रुवारीत नियम बदलला, आता दर आठवड्याला फोन करता येतो. आमच्या तुकडीला याचं दुःख जन्मभर राहणार. पण तुम्ही त्या फोनवर 'मस्त आहे' एवढंच सांगत बसू नका.

राजमुंद्रीचा माझा ट्रेनर, म्हणजे नव्याला शिकवणारा जोडीदार, विशाखापट्टणमचा होता, माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. पहिल्याच रात्री मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र दाखवलं आणि सगळं सांगितलं, तोंड कोरडं पडलं होतं. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, जेवणाआधी की नंतर? मी म्हणालो, नंतर. तेलुगूत गोळीला 'मात्र' म्हणतात. पुढचे बारा आठवडे दिवे घालवायच्या आधी पलीकडच्या गादीवरून रोज तोच प्रश्न यायचा, "मात्र वेसुकुन्नावा?" घेतलीस का?