बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी गल्लीतलं सामायिक घर: कुठून सुरुवात करावी

घर शोधायच्या आधी माणसं ठरवा. चार किंवा पाच रहिवासी पुरेत. त्याहून जास्त झाले की सगळ्यांना एकाच वेळी उठवावं, जेवायला बसवावं लागतं आणि घराचं वसतिगृह होतं. एकाच विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत जाणारे, एकमेकांच्या सवयी माहीत असलेले निवडा. सगळ्यांची गरज सारखी नसावी. पाचही जणांना आंघोळीला मदत लागत असेल, तर सकाळच्या दोन तासांतच मदतनीस थकून जातात.

जमीन स्वस्त मिळते म्हणून शिवारात घर बांधू नका. तिथं रात्रपाळीला माणूस टिकत नाही, पावसाळ्यात रिक्षा येत नाही आणि रहिवाशाला ओळखणारा दुकानदारही नसतो. बेळगावात अनगोळ, वडगाव, शहापूरसारख्या भरल्या वस्तीत किंवा खानापूर, निपाणीच्या बाजारपेठेजवळ भाड्याचं तळमजल्यावरचं घर बघा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५ नुसार समाजात राहणं हा या माणसांचा हक्क आहे. ठरावीक व्यवस्थेतच राहा, अशी सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. घरमालक किंवा शेजारी कुरकुरले तर हे शांतपणे सांगा, आणि सामान हलवायच्या आधीच रहिवाशांची त्यांच्याशी गाठ घालून द्या.

करार ११ महिन्यांचा नको. नवीन जागेत रुळायलाच काहींना वर्ष लागतं. पाच वर्षांचा, नोंदणी केलेला करार करा. रॅम्प आणि कठडे बसवायची परवानगी त्यातच लिहून घ्या.

आता बांधकाम. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट लांबी. गल्लीतल्या घरापुढं तेवढी जागा सहसा नसते, आणि रॅम्प रस्त्यावर आला की तक्रार होते. म्हणून जोतं बुटकं असलेलं किंवा बाजूनं बोळ असलेलं घरच निवडा. रॅम्पच्या वर पत्र्याचं छप्पर टाका. इथल्या पावसात उघड्या सिमेंटवर शेवाळ धरतं आणि त्यावर चांगला चालणाराही घसरतो. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करा. आतमध्ये कुणी आकडी येऊन पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्या अंगानंच अडतं. कडी बाहेरूनही काढता येईल अशी हवी. गीझर ४५ अंशांवर ठेवा, कारण पाणी पोळतंय हे सगळ्यांनाच सांगता येत नाही. जुन्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या असतील, तर कठड्याचे अँकर बोल्ट त्यात टिकत नाहीत, भुगा होऊन निघून येतात. भिंतीतून आरपार बोल्ट घाला आणि पलीकडून लोखंडी पट्टी द्या.

पैशांचे दोन हिशेब ठेवा. भाडं, वीज, किराणा सगळ्यांना सारखा, मदतनीसाचा खर्च मात्र गरजेप्रमाणे. हे एकत्र केलं की वर्षभरात पालकांत भांडणं होतात. समजा भाडं १५,००० आहे. पाच जणांत ते ३,००० पडतं, एक जण सोडून गेला की ३,७५०. म्हणून प्रत्येकाकडून तीन महिन्यांची रक्कम आधीच घेऊन ठेवा. एकाच मदतनीसाला चोवीस तास ठेवणं स्वस्त वाटतं, पण तो निघून गेला की घर त्याच दिवशी बंद पडतं. रात्रीचा माणूस वेगळा हवा आणि सुट्टीच्या दिवशी येणारा बदलीही. संस्था काढून घर चालवणार असाल, तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे आधी नोंदणी लागते. जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांकडे विचारा. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्त्यापासून सुरुवात करा.

एकदम राहायला नेऊ नका. आधी दोन रात्री, मग आठवडा, मग महिना. आईवडील धडधाकट असतानाच हे करावं. आई गेल्याच्या आठवड्यात घरही बदललं, तर दुःख आणि अनोळखी जागा एकाच वेळी अंगावर येते, आणि पुष्कळदा घरानं ‘सांभाळणं जमत नाही’ म्हणण्याचं कारण तेच असतं.

अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेत गेल्यावरच कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी जूनअखेर हिशेब द्यावा लागतो. भावाबहिणीला पालक करणार असाल, तर हे काम त्यांना आधी समजावून सांगा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

सीमाभागात एक काम जास्तीचं आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, पण पेन्शन राज्याची असते. चंदगड किंवा कोल्हापूरकडचा माणूस राहायला येणार असेल, तर त्याचं तिकडचं पेन्शन राहील का, ते आधी तपासा. रहिवासी मराठी आणि मदतनीस कन्नड बोलणारा असेल, तर प्रत्येकाच्या शब्दांचं एक पान करा: पोट दुखलं की काय म्हणतो, भीती वाटली की काय करतो, कुठलं औषध किती वाजता, आकडी किती मिनिटं टिकली की दवाखान्यात न्यायचं. हे पान मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, डॉक्टरांकडून तपासून घ्या, एक प्रत स्वयंपाकघरात लावा आणि एक रात्रपाळीच्या माणसाकडे द्या. औषध बदललं की त्याच दिवशी दोन्ही प्रती बदला.