जुन्या इंग्रजी पेपरांत 'कॉम्प्युटर' शोधायचाय? आधी माणूस शोधा

एखादा साधा इंग्रजी शब्द जुन्या पेपरांत कसा वापरला जायचा हे बघायचा नाद मला बरेच दिवस आहे, आणि नवीन माणसाला मी कायम 'कॉम्प्युटर'पासूनच सुरू कर म्हणतो, कारण पहिल्याच तासात डोकं चक्रावतं: तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारा माणूस.

२ मे १८९२ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोटी बातमी आहे, 'कॉम्प्युटर पाहिजे'. नॉटिकल अल्मनॅक ऑफिसला (जहाजांसाठी ग्रह-ताऱ्यांचं पंचांग काढणारी अमेरिकन सरकारी कचेरी) गणितं करणारा माणूस हवा होता आणि परीक्षेला बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, खगोलशास्त्र. म्हणजे चक्क नोकरीची जाहिरात! आपल्याकडे राधानाथ सिकदर १८३१ मध्ये ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेत, म्हणजे इंग्रजांनी चालवलेल्या भारताच्या मोजणीत, लागले ते याच पदावर, पुढे चीफ कॉम्प्युटर झाले, आणि एव्हरेस्टच्या उंचीच्या आकडेमोडीत त्यांचा हात होता.

आता करायचं कसं. अमेरिकेचे पेपर 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर फुकट आहेत, ऑस्ट्रेलियाचे 'ट्रोव्ह'वर, न्यूझीलंडचे 'पेपर्स पास्ट'वर. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हला पैसे लागतात, ते नंतर बघा. शब्द टाकायचा, वर्षांचा फिल्टर लावायचा आणि दहा-दहा वर्षांचे तुकडे करून वाचायचं, सगळं एकदम मागवलंत तर हजारो रिझल्टमध्ये बुडालात म्हणून समजा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो कचरा. हे स्कॅन मशीनने वाचलेले असतात, त्यामुळे अक्षरं चुकतात, आणि कॉलम अरुंद असल्यामुळे शब्द अर्धा या ओळीत अर्धा खालच्या ओळीत, मग सर्चला तो सापडतच नाही. शब्दाच्या शेवटी 'ईआर'च्या जागी 'ओआर' असलेलं स्पेलिंगही चालायचं, तेही टाकून बघा. आणि 'कॉम्प्युटिंग' शोधलंत तर वाण्याच्या तराजूच्या जाहिरातींचा पाऊस पडेल! ओहायोतल्या डेटनमधली कॉम्प्युटिंग स्केल कंपनी वजनाबरोबर किंमत पण दाखवणारे तराजू विकायची. (हीच कंपनी १९११ च्या विलीनीकरणात गेली आणि त्यातून पुढे आयबीएम झाली, त्यामुळे मी तरी त्या जाहिरातींवर चिडत नाही.)

खरी गंमत शेजारच्या शब्दात असते. आजूबाजूला वेधशाळा, पंचांग, सर्व्हे, पगार असं काही दिसलं की समजा माणूस. 'फ्लाइट' दिसलं तर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाच्या हातातली गोल स्लाइड रूल (सरकवून गणितं करायची पट्टी) असू शकते, तिलाही कॉम्प्युटरच म्हणायचे. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियाचं एनिॲक हे आकडेमोडीचं अवाढव्य यंत्र पेपरवाल्यांना दाखवलं, त्या काळातल्या बातम्यांत शब्दाच्या आधी 'इलेक्ट्रॉनिक' असं विशेषण बघा, कारण नुसतं कॉम्प्युटर म्हटलं तर वाचणाऱ्याला माणूस वाटायचा. पेपरवाले अशा यंत्राला 'ब्रेन' पण म्हणायचे, तेव्हा तो शब्दपण सर्च करा, त्याशिवाय अर्ध्या बातम्या हातच्या जातील.

मग हे विशेषण कधी गळतं ते पकडायचं. त्यासाठी १९५० नंतरचे पेपर लागतात आणि ट्रोव्हवर बहुतेक पेपर कॉपीराइटमुळे १९५४ ला थांबतात, म्हणून तिथे रिझल्ट कमी झाले तर शब्द मेला असं समजू नका. मी पहिल्यांदा तसा तक्ता करून मित्राला ऐटीत पाठवला होता.

सापडलं की पेपरचं नाव, तारीख, पान लगेच लिहून ठेवा आणि मशीनने वाचलेल्या मजकुरावर न जाता पानाचा फोटो उघडून स्वतः वाचा. ट्रोव्हवर चुकलेला मजकूर आपल्याला दुरुस्त पण करता येतो, आणि ते एकदा सुरू केलं की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.