दहावीचे पेपर जवळ आलेत: सीमाभागातल्या मुलांसाठी तयारीची यादी

पहिलं काम म्हणजे कर्नाटकच्या परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावरून मराठी माध्यमाच्या नमुना प्रश्नपत्रिका काढून झेरॉक्स करून आणायच्या. मोबाइलवर वाचून पेपर सोडवल्याचा नुसता भास होतो. मराठी प्रथम भाषेचा पेपर 100 गुणांचा, बाकीचे पाच 80 चे, अंतर्गत गुण धरून एकूण 625. गुणामागे दोन मिनिटं धरली तर 80 गुणांना 160 मिनिटं लागतात आणि तीन तासांतली वीस तपासायला उरतात. दोन गुणांना पानभर लिहिलं की शेवटचा मोठा प्रश्न राहिलाच समजा. बहुपर्यायी प्रश्नात नुसतं 'ब' लिहून पुढे जाऊ नका, क्रमाक्षरासह पूर्ण उत्तर लिहायचं असतं.

कन्नडसाठी वेगळी वही घाला. रोज दहा ओळी, बघून नव्हे, कुणाला तरी सांगायला लावून. आपला घोटाळा ठरलेला आहे: मराठीत ए आणि ओ एकेकच, कन्नडमध्ये ऱ्हस्व वेगळा नि दीर्घ वेगळा. ऱ्हस्व ओचा 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ ओचा म्हणजे शिंग! रफारही डोक्यावर नसतो, अक्षराच्या उजवीकडे बसतो. 'कर्नाटक' लिहिताना तो 'ना'च्या पुढे येतो. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं. बाजारात फाडफाड कन्नड बोलणारी पोरंही इथेच अडकतात, कारण जिभेला सराव असतो, हाताला नसतो.

समाजविज्ञानात भारताचा नकाशा हाताने काढावा लागतो. आधी 23½° उत्तर अक्षवृत्त आडवं आणि 82½° पूर्व रेखावृत्त उभं फिकट मारा, मग बाह्यरेषा बसवा. कच्छ आणि कोलकाता त्या आडव्या रेषेच्या आसपासच येतात, त्यामुळे गुजरात फुगत नाही. शिवाय या रेषाच बऱ्याचदा विचारलेल्या असतात. आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून. विज्ञानाच्या आकृत्यांचंही तेच, नावं देण्यासकट.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांनी पेपराच्याच वेळेला एकदा केंद्रापर्यंत बसने जाऊन यावं. ती गाडी चुकली तर वडाप (शेअर जीप) मिळेल की कुणाची मोटारसायकल, हे आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. संध्याकाळी वळीव आला की लाईट जाते, म्हणून पाठांतर पहाटेवर ठेवा आणि बॅटरी दुपारीच चार्ज करा. दोन रुळलेली पेनं, टोक काढलेली पेन्सिल, पट्टी, खोडरबर. हॉल तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्याची एक झेरॉक्स घरी.