सवयीचे खाडे कॅलेंडरवर लिहा

रोज एक तास मोडी लिपी शिकायची असं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा आठवड्यात बारगळलं. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद पडलेत, ते आपले आपण वाचायचे एवढीच हौस. शेवटी जमलं ते असं, तुम्हाला मोडीऐवजी सूर्यनमस्कार घालायचे असतील तरी हेच करून बघा.

पहिलं म्हणजे घड्याळाची वेळ ठरवू नका. सकाळी सहा म्हटलं की एक दिवस उशिरा जाग येते आणि मग सगळंच राहतं. त्यापेक्षा घरात रोज होणारंच असं एखादं काम पकडा. माझ्याकडे कुकर. तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभंच राहायचं असतं, आधी तेवढ्यात मोबाईल बघायचे, आता वही. वही मिसळणाच्या डब्याशेजारीच असते, हळदीचे डाग पडलेत, पडू देत, कपाटात ठेवली असती तर काढायला कोण जातंय!

माप इतकं छोटं ठेवा की अंगात ताप असला तरी होईल. माझं माप दोन ओळी. मोडीत आधी आख्खी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला डोकं गरगरतं. अगदीच नको वाटलं तर रेघ ओढून एक 'क' काढायचा, झालं, धरला तो दिवस.

आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१० चा अभ्यास आहे, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला थेट २५४ लागतील असा हिशोब. मधे एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही त्यातच दिसलं.

म्हणून मी कॅलेंडरवर झालेले दिवस लिहीत नाही, दुधाचे खाडे लिहितो ना तसे फक्त खाडे लिहिते. लागोपाठ दोन दिसले की तिसऱ्या दिवशी काहीही करून रेघ तरी ओढायचीच. भरपाई मात्र करू नका हं, गणपतीत पाच दिवस गेले म्हणून मी एकदम दहा ओळी लिहायला बसले, वरण करपलं आणि दुसऱ्या दिवशी वही उघडलीच नाही.

आठव्या महिन्यात ट्रंकेतल्या कागदावरचं एक नाव लागलं, त्याच्यापुढे 'बिन', म्हणजे 'अमक्याचा मुलगा', आणि बापाचं नाव. खालची ओळ अजून लागत नाहीये.