फोटोच्या मॅट कापण्याआधी: कटिंग मशीनसाठी तयारीची यादी

स्क्रॅपबुकच्या पानावर फोटोमागे लावलेल्या रंगीत कागदाची, म्हणजे मॅटची, फोटोभोवती दिसणारी कड चारही बाजूंना सारखी असली, तरच फोटो उठून दिसतो; एका बाजूला मिलिमीटरभर फरक पडला तरी तो लगेच नजरेला खुपतो. इलेक्ट्रॉनिक कटिंग मशीन दिलेल्या मापाप्रमाणे बिनचूक कापते, पण माप चुकीचे असेल तर तेही तितक्याच बिनचूकपणे कापून ठेवते. म्हणून पुढील तयारी मशीन सुरू करण्याआधीच पूर्ण करावी.

सर्वप्रथम सगळे फोटो छापून, गरज असल्यास कातरून, हातात असावेत. चार बाय सहा इंच म्हणून मिळालेला फोटो प्रत्यक्षात किंचित लहान असू शकतो, त्यामुळे पाकिटावरच्या मापावर विसंबून न राहता प्रत्येक फोटो धातूच्या पट्टीने मोजावा, आणि तोही दोन्ही टोकांना, म्हणजे कड तिरकी कापली गेली असल्यास तेव्हाच कळते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लांबी-रुंदीचे प्रमाण बहुधा 4:3 असते, तर चार बाय सहाच्या कागदाचे 3:2 असते. त्यामुळे छापताना कधी फोटोचा भाग कापला जातो, तर कधी बाजूला पांढरी पट्टी उरते. ती पट्टी ठेवायची की कातरायची, हे मोजमापाआधी ठरवावे.

मॅटचे माप काढताना कडेची रुंदी दोनदा मिळवायची असते, कारण ती दोन्ही बाजूंना येते. पाव इंच वाढवले की प्रत्येक बाजूला एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3 मिमी, कड दिसते; चार बाय सहाच्या फोटोसाठी मॅट 4.25 बाय 6.25 इंच होते, आणि तिच्यामागे दुसरा रंग हवा असेल तर तो थर 4.5 बाय 6.5 इंचाचा घ्यावा. इथे सॉफ्टवेअरमधले लांबी-रुंदीच्या प्रमाणाचे कुलूप उघडलेले आहे ना, हे अवश्य पाहावे. ते लावलेले असताना रुंदी 4 वरून 4.25 केली, तर उंची 6.25 न होता 6.375 होते आणि वरखालची कड बाजूंच्या कडेच्या दीडपट होते. ऑफसेट, म्हणजे आकाराभोवती ठरावीक अंतरावर बाह्यरेषा काढणारी सॉफ्टवेअरमधली सोय, वापरणार असाल तर कोपरे गोल ठेवायचे की टोकदार, हेही आधी निवडावे. सरळ कोपऱ्याच्या फोटोमागे गोल कोपऱ्याची मॅट मला तरी अर्धवट वाटते.

कागदाची मांडणी हा या यादीतला सर्वांत फायद्याचा भाग आहे. बारा इंची चौरस कागदावर यंत्राला साधारण 11.5 इंचांचेच क्षेत्र कापता येते, त्यामुळे 6.25 इंच लांबीचे दोन तुकडे एका रेषेत बसत नाहीत. मात्र चार तुकडे भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे, एक उभा आणि पुढचा आडवा, असे फिरवत लावले, तर ते 10.5 इंचांच्या चौरसात बसतात आणि मधोमध दोन इंचांचा चौरस उरतो. फोटोआड झाकला जाणारा मॅटचा मधला भागही कापून दुसरीकडे वापरता येतो. तेव्हा फोटो चिकटवण्यासाठी आतल्या बाजूला किमान अर्धा इंच पट्टी शिल्लक ठेवावी. फोटो चिकटवण्याऐवजी कागदी कोपऱ्यांत बसवायचा असेल, तर मात्र मधला भाग अजिबात कापू नये, कारण कोपऱ्यांना मागे भक्कम आधार लागतो. ज्या फोटोची दुसरी प्रत मिळणे शक्य नाही, त्याला कोपरेच लावावेत, असे माझे ठाम मत आहे.

कागद निवडताना 170 ते 220 जीएसएमचा (प्रति चौरस मीटर ग्रॅम वजनाचा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, चांगला; याहून पातळ कागद लाटेसारखा उठतो. कागद आम्लविरहित आणि लिग्निनविरहित (लिग्निन म्हणजे लाकडातला नैसर्गिक घटक) असावा, कारण लिग्निनयुक्त कागद काळाबरोबर पिवळा पडतो व त्याचा परिणाम फोटोवरही होऊ शकतो. गाभा पांढरा आहे का, हे कागद किंचित फाडून पाहावे; गडद रंगात पांढरी कड उठून दिसते.

कटिंग मॅटची, म्हणजे मशीनमध्ये कागद धरून ठेवणाऱ्या चिकट तक्त्याची, पकड कागदाला जुळली पाहिजे. क्रिकट या कटिंग मशीनच्या ब्रँडच्या हिरव्या मॅटची मध्यम पकड कार्डस्टॉकला योग्य ठरते, निळी हलक्या कागदासाठी आणि जांभळी जाड साहित्यासाठी असते. मॅटवर धूळ आणि कागदाचे कण नसावेत, आणि कागद रेषांना लावून बसवल्यावर रोलरने मधून कडेकडे दाबून घ्यावा. कापून झाल्यावर कागद ओढू नये. कटिंग मॅट उलटी करून तीच कागदापासून मागे वाकवत न्यावी, म्हणजे कापलेला तुकडा वळत नाही.

चाचणी-काप त्याच कागदाच्या कोपऱ्यावर, लहान चौकोन कापून करावा. चौकोन कडा न फाटता सुटला, तर पाते आणि दाब ठीक आहेत. काप अपुरा असेल तर आधी पात्याच्या टोकाला अडकलेला तंतू शोधावा. पाते स्वच्छ असूनही कडांवर तंतू उठत असतील, तर पाते बदलावे. मुख्य काप पूर्ण झाल्यावर कटिंग मॅट मशीनमधून बाहेर काढण्यापूर्वी एक कोपरा हळूच उचलून पाहावा, कारण मॅट एकदा बाहेर आली की दुसऱ्यांदा कापताना रेषा पहिल्या रेषेवर बसत नाही.

शेवटी कापलेल्या प्रत्येक फोटो-मॅटच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने त्या फोटोचा क्रमांक लिहावा आणि फोटो हाताळताना हात कोरडे व स्वच्छ ठेवावेत.